माझ्या नळीवरून घासलेली ओळ

मी एक जुने रिव्हॉल्व्हर आहे, मित्रांनो. निदान दिसते तरी तसे. माझ्या लोखंडावर तपकिरी डाग आहेत, मुठीचे अक्रोडाचे लाकूड काळे पडले आहे आणि माझे फिरते चाक एका बाजूने फुटले आहे. मला पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते, की हे दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी लढाईतून आले असणार. तसे नाही. मी एकही लढाई पाहिलेली नाही. माझ्यामुळे आजवर एकाच माणसाचे रक्त सांडले, आणि तो माझ्या मालकाचा मुलगा होता. ती हकिकत आज मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म इटलीतल्या एका अरुंद दरीत झाला. तिथे नदीच्या काठाकाठाने बंदुकांचे कारखाने आहेत. कोणी नळ्या कोरतो, कोणी लाकूड तासतो, आणि संध्याकाळी सगळे एकाच रस्त्याने घरी जातात. अमेरिकेत पूर्वी यादवी युद्ध झाले, तेव्हा शिपायांच्या कमरेला जी रिव्हॉल्व्हरे असत, त्यांच्या हुबेहूब नकला या दरीत बनतात. हौशी लोक त्या विकत घेतात, जमवतात आणि झाडतातही. मी अशीच एक नक्कल. नक्कल म्हटले म्हणून मला खेळणे समजू नका. माझ्यात खरी दारू भरतात आणि माझ्यातून शिशाची खरी गोळी सुटते.

मला घासूनपुसून झळाळी आणली ती ओर्नेला नावाच्या बाईने. ती कामावर कुणाकडे बघत नसे. शेजारच्या बाकावरचा फाउस्तो तिला चिडवायचा, "ओर्नेला, अगं नवऱ्याचे बूट कधी एवढे घासलेस का?"

"बूट कशाला घासू? तो त्यांच्यात पाय घालतो," ती म्हणायची आणि पुन्हा माझ्याकडे वळायची.

मग माझी परीक्षा झाली. एका जाड भिंतीच्या खोलीत मला शिकंज्यात आवळले, माझ्यात नेहमीपेक्षा जास्त दारू ठासली आणि भिंतीपलीकडून दोरीने माझा चाप ओढला. मी हादरले, पण फुटले नाही. तेव्हा माझ्या अंगावर परीक्षेच्या मुद्रा उमटवल्या, बनवणाऱ्याचे नाव कोरले आणि नळीच्या डाव्या अंगाला इंग्रजीत एक छोटी ओळ ठोकली. त्या ओळीचा अर्थ होता, 'फक्त काळी दारू'.

ही ओळ कशासाठी, ते सांगते. बंदुकीची दारू दोन प्रकारची असते. एक जुनी काळी दारू. ती भक्कन पेटते, ढगासारखा पांढरा धूर सोडते, पण तिचा जोर माझ्यासारख्याला सोसतो. दुसरी आजकालची, बिनधुराची. ती दिसायला करड्या भुशासारखी असते आणि तिचा जोर कितीतरी पट असतो. ती आजच्या बंदुकांसाठी असते. ती माझ्यात भरली, तर मी फुटणार. माझ्या तोंडाला शब्द नाहीत. हे जगाला सांगायला माझ्याजवळ ती एकच ओळ होती.

जहाजाने मी अमेरिकेत आले आणि व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या ब्रायरफोर्क नावाच्या गावी एका दुकानाच्या काचेत जाऊन बसले. तिथून मला वेंडेल स्ट्राउडने घरी नेले.

वेंडेल लाकूड कापायच्या गिरणीत काम करायचा. अंगाने आडवा, बोलायला कमी. घरी एक काचेचे कपाट होते आणि त्यात माझ्यासारखी बरीच भावंडे ओळीने टांगलेली होती. कोणाची नळी लांब, कोणाची मूठ हस्तिदंती रंगाची. वेंडेल रविवारी जेवणानंतर एकेकाला खाली काढायचा, तेलाचे फडके फिरवायचा आणि परत ठेवायचा. त्याची बायको लोरेटा म्हणायची, "माझ्या पाठीवरून कधी असा हात फिरवला नाहीस."

"तू गंजत नाहीस," वेंडेल म्हणायचा.

त्या सगळ्यांत झाडायला तो मलाच घ्यायचा. महिन्यातून एकदा गावाबाहेरच्या मैदानावर त्याच्या हौशी मंडळाचे नेमबाज जमत. जुन्या शिपायांसारखे लोकरीचे कोट, तसेच पट्टे, तसेच बूट. मला भरायला वेळ लागे, आणि तो वेळच वेंडेलला आवडायचा. माझ्या चाकात सहा खण आहेत. प्रत्येक खणात आधी मापाने काळी दारू, वर शिशाची गोल गोळी, मग नळीखालच्या दट्ट्याने ती गोळी घट्ट दाबायची. गोळी खणापेक्षा केसभर मोठी असते, त्यामुळे दाबताना तिच्या कडेचे शिशाचे कडे कापले जाऊन बाहेर पडते. ते कडे अख्खे निघाले, की वेंडेलचे समाधान व्हायचे. मग खणाच्या तोंडावर चरबीचा लेप, म्हणजे एका खणाची ठिणगी दुसऱ्यात शिरू नये. सगळ्यात शेवटी मागच्या बाजूला तांब्याच्या इवल्या टोप्या, ज्यांवर घोडा आपटला की ठिणगी उडते. एक हात पाठीमागे धरून, दुसरा सरळ लांब करून वेंडेल नेम धरायचा. धूर ओसरला की समोरच्या पाटीत भोक दिसायचे.

झाडून झाल्यावर माझी अंघोळ त्याच दिवशी व्हायची. काळ्या दारूची राख अंगावर राहिली, तर लोखंड दुसऱ्या दिवसापर्यंत गंजते. वेंडेल मला स्वयंपाकघरात सुटे करायचा आणि उकळत्या साबणाच्या पाण्यात बुडवायचा. घरभर सडक्या अंड्यांसारखा वास सुटायचा.

"या पातेल्यात उद्या मी घेवडा शिजवणार आहे, वेंडेल."

"मग उद्याचा घेवडा चवदार होईल."

लोरेटा पातेले बदलायची आणि जुने त्यालाच देऊन टाकायची. त्यांचा मुलगा कर्टिस तेव्हा टेबलाएवढा होता. तो शेजारी उभा राहून माझे सुटे भाग ओळीने मांडायचा आणि चरबीचे हात विजारीला पुसायचा. वेंडेल त्याच्याकडे बघून लोरेटाला म्हणायचा, "हे सगळं पुढे हाच सांभाळणार."

एका शरद ऋतूत मंडळाच्या सामन्यात आम्ही पहिले आलो. बक्षीस म्हणून वेंडेलला हॅम, म्हणजे डुकराची धुरावलेली अख्खी मांडी मिळाली. ती खांद्यावर टाकून तो गाडीकडे निघाला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. आणि त्याच दिवशी माझ्या वाईटाची सुरुवात झाली.

मंडळाचा कप्तान ऑर्व्हिल प्रुइट नावाचा एक कडक म्हातारा होता. त्याच्या मंडळात बटण जरी यंत्राने शिवलेले दिसले, तरी तो ओढून काढायचा. जुन्यासारखे नसेल त्याची त्याला शिसारी होती. त्याने मला हातात घेतले, उन्हात तिरके धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "वेंडेल, नेम छान आहे तुझा. पण हे तुझं हत्यार गोळ्या झाडतं, की शेवया उकडतं?"

सगळे हसले. माझ्या नळीवर इटलीच्या कारखान्याचे नाव होते ना, आणि इटलीचे लोक म्हणजे शेवया खाणारे.

"लढाईच्या काळात काय इटलीहून मागवली होती काय रे रिव्हॉल्व्हरं? आणि ही ओळ बघ. फक्त काळी दारू. तेव्हाच्या शिपायाला हे कोण सांगत होतं? दुसरी दारू होती कुठं तेव्हा?"

"नळीवर कोण बघतंय," वेंडेल म्हणाला.

"मी बघतोय," ऑर्व्हिल म्हणाला. "हातात घेतलं की सोंग उघडं पडतं. बाकीच्यांनी घासून घेतली आहेत बघ. तूच एक राहिलास."

मित्रांनो, हा त्या हौशी लोकांचा एक रिवाजच आहे. नक्कल अस्सल दिसावी, म्हणून ते तिच्यावरची आजकालची अक्षरे कानशीने घासून काढतात. मग तिला सिरका, मीठ आणि कसल्या कसल्या पाण्यात ठेवून म्हातारी करतात. त्यात कोणाला फसवायचा हेतू नसतो. हौस असते. वेंडेलला मी कधी कोणावर रागावलेले पाहिले नव्हते, पण त्या दिवशी गाडी चालवताना तो हॅमविषयी एक शब्दही बोलला नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याने मला रॉस्को टिब्सच्या पडवीत नेले. रॉस्को हा त्याचा गिरणीतला दोस्त. लोखंडाच्या कामात त्याचा हात चांगला होता. त्याने मला शिकंज्यात धरले, कानस काढली आणि कारखान्याचे नाव घासायला घेतले. नाव गेले. परीक्षेच्या मुद्रा गेल्या. मग तो थांबला.

"ही शेवटची ओळ राहू दे का, वेंडेल? ही बिचारी कामाची आहे."

"कोणाच्या कामाची? यात काय भरायचं ते मला ठाऊक आहे."

"तुला आहे रे."

"मग झालं तर. घास. ऑर्व्हिलचं तोंड बंद होऊ दे एकदाचं."

रॉस्कोने खांदे उडवले. लोखंडाचा बारीक भुगा माझ्या अंगावरून खाली पडला. अक्षरे आधी पसरट झाली, मग सावलीसारखी उरली आणि मग दिसेनाशी झाली. त्याने बोटावर थुंकी घेऊन ती जागा चोळून पाहिली. हाताला काही लागले नाही. नंतर मला सिरक्यात बुडवून ठेवले. बाहेर काढले तेव्हा मी म्हातारे झाले होते.

वेंडेल खूश झाला. ऑर्व्हिलने मला पुन्हा उन्हात धरले आणि या वेळी नुसती मान डोलावली. त्या मंडळात याहून मोठी शाबासकी नव्हती. माझे कौतुक होऊ लागले. पोरेबाळे मला हात लावायला मागत. मलाही, खरे सांगायचे तर, बरे वाटायचे.

वर्षे गेली. कर्टिस मोठा झाला आणि शहरात विजेच्या कंपनीत लागला. खांबावर चढून तारा जोडायचे त्याचे काम. सणाला यायचा, पण कपाटाकडे फिरकायचा नाही. वेंडेलने एकदा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "बाबा, दिवसभर माझ्या डोक्यावर हजारो व्होल्ट गुणगुणत असतात. घरी आल्यावर मला शांतता हवी असते."

वेंडेलने तो विषय पुन्हा काढला नाही. पुढे त्याचे हात थरथरू लागले. टोप्या बोटांतून निसटून गवतात पडायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग मैदानावर जाणे थांबले. माझ्या अंगावर तेलाचे फडकेही कमी फिरू लागले. कपाटाच्या काचेवर धूळ जमली, आणि आम्ही सगळे आत लटकून राहिलो.

एका संध्याकाळी वेंडेल लोरेटाला म्हणाला, "विकून टाकतो सगळं. क्रो येऊन बघून गेला." डेन्झिल क्रो हा जुन्या वस्तूंचा व्यापारी. हमरस्त्यावर त्याचे छोटे संग्रहालयही होते, आत जायला तिकीट पडायचे.

"कर्टिसला विचार आधी."

"काय विचारायचं? त्याला नको आहे."

लोरेटाने स्वतःच फोन उचलला. ती हळू बोलत होती, पण मी कपाटातून ऐकत होते. "अरे, त्यांना पैसे नको आहेत. घरातल्या कोणी तरी घ्यावं असं वाटतंय. घेऊ नकोस हवं तर. पण एकदा ये, एकदा त्यांच्यासमोर झाड, आणि मग नाही म्हण. म्हणजे माणसाला वाटेल तरी, की विचारलं होतं."

कर्टिस आला. शनिवार होता. लोरेटाने मक्याचा पाव आणि घेवडा केला होता. जेवताना कर्टिस म्हणाला, "बाबा, ते तुमचं लाडकं रिव्हॉल्व्हर आज झाडू या म्हणतो."

वेंडेलचा घास हातातच राहिला. "तू?"

"मी. खांबावरून पडलो नाही अजून, यातूनही जगेन."

"भरायचं कसं ते आठवतंय का?"

"दारू, गोळी, दट्ट्या, चरबी, टोपी. पाढ्यांच्या आधी हेच शिकलो मी."

मित्रांनो, मी त्या घरात इतकी वर्षे राहिले, पण वेंडेलला तसे हसताना पाहिले नव्हते. जेवल्यावर त्याला नेहमीप्रमाणे खुर्चीत डुलकी लागली. कर्टिसने विचार केला, बाबा उठायच्या आत सगळी तयारी करून ठेवू. त्याने मला कपाटातून काढले आणि मागच्या शेडमध्ये नेले.

वेंडेलची दारूची बुधली रिकामी होती. कित्येक वर्षांत ती भरलीच नव्हती. लहानपणी कर्टिसने दारू पाहिली ती या बुधलीतूनच पडताना; ती कोणत्या डब्यातून येते ते त्याने कधी पाहिले नव्हते. वर फळीवर दोन डबे होते. एक काळ्या दारूचा, त्यावर नुसते कंपनीचे नाव आणि दाण्याची जाडी सांगणारी काही इंग्रजी अक्षरे. दुसरा बिनधुराच्या दारूचा. वेंडेल हरणाच्या शिकारीच्या रायफलीची काडतुसे घरीच भरायचा, त्यासाठी तो आणलेला. त्या डब्यावर ठळक छापले होते, 'रायफल आणि पिस्तुलासाठी'.

कर्टिस हा वाचल्याशिवाय कशाला हात न लावणारा माणूस होता. विजेचे काम करणारा तसा नसेल, तर म्हातारा होत नाही. त्याने दोन्ही डबे खाली काढले. मग मला उजेडात नेले आणि फिरवून फिरवून पाहिले. नळीची उजवी बाजू पाहिली, डावी पाहिली, चाकाखाली पाहिले, मुठीचे बूड पाहिले. जिथे ती ओळ होती तिथे त्याचा अंगठा येऊन थांबला. तिथे गुळगुळीत तपकिरी लोखंड होते. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. त्याने मला खाली ठेवले आणि पिस्तुलासाठी असे लिहिलेला डबा उघडला.

बाकी सगळे त्याने बरोबर केले. माप बरोबर घेतले. गोळ्या नीट दाबल्या, शिशाची कडी अख्खी निघाली. चरबी पसरली. टोप्या बसवल्या. कामाचा चष्मा लावला. मग वेंडेलला उठवून मागच्या ओसरीवर आणले आणि खुर्चीत बसवले. समोर मातीच्या उंचवट्याला पाटी लावली होती.

"चरबी लावलीस?" वेंडेलने विचारले.

"लावली."

"टोप्या घट्ट आहेत?"

"आहेत."

"कडी निघाली का शिशाची?"

"सगळी अख्खी निघाली. दाखवू?"

"नको नको. विश्वास आहे माझा." वेंडेल मागे टेकला. एवढे सगळे विचारले, पण दारू कोणती ते त्याने विचारले नाही. उभ्या आयुष्यात त्याला ते स्वतःला कधी विचारावेच लागले नव्हते.

कर्टिसने मला दोन्ही हातांनी धरले. आजकाल तसेच धरतात. त्याचा डावा हात पुढे, माझ्या चाकाच्या अगदी खाली आला. "एक हात पाठीमागे घे," वेंडेल म्हणाला. "असू दे, बाबा," कर्टिस म्हणाला आणि चाप ओढला.

धूर आला नाही. एक कोरडा कडाका झाला आणि माझे चाक फुटले. एक तुकडा ओसरीच्या खांबात घुसला. बाकीचे कर्टिसच्या हातातून गेले. मी गवतात पडले. वर काय चालले होते ते मला दिसत नव्हते. फक्त वेंडेलची खुर्ची उलटल्याचा आवाज ऐकू आला, आणि कर्टिस अगदी शांतपणे म्हणाला, "आई, टॉवेल आण."

डोळे चष्म्यामुळे वाचले. डाव्या हाताची दोन बोटे गेली, आणि उरली ती पुन्हा नीट मिटली नाहीत. खांबावर चढायला दोन्ही हात लागतात. कंपनीने त्याला फाटकापाशी गाड्यांच्या नोंदी करायच्या कामावर बसवले.

मला कोणी तरी उचलून, फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघराच्या खणात ठेवले होते. तिथून मी सगळे ऐकले. गावात लोक म्हणायचे, वेंडेलच्या पोराला साधी दारू ओळखता आली नाही. ऑर्व्हिल भेटायला आला आणि म्हणाला, "शहरात गेली की पोरं हातची जातात. एवढं साधं ठाऊक नसावं?" वेंडेलने त्याला दारापर्यंत पोचवले. कर्टिस स्वतःही तेच म्हणायचा. दवाखान्यात डॉक्टरांना त्याने सांगितले, चूक माझी, मी न बघता भरले.

ऑर्व्हिल गेल्यावर लोरेटाने पाण्याचा नळ बंद केला. "वेंडेल, त्याने बघितलं होतं. शेडमध्ये मी चरबीचं भांडं द्यायला गेले तेव्हा तो ते उलटंसुलटं करून बघत होता. काय बघतोस म्हटलं, तर म्हणाला, यावर काही लिहिलंय का ते. सांगणार आहेस त्याला?"

"सांगून बोटं येणार आहेत का?"

"बोटं नाही येणार. पण तो स्वतःला मूर्ख समजतोय."

वेंडेल उठून बाहेर गेला. सांगितले नाही. हिवाळा गेला, वसंत आला, तरी सांगितले नाही. कर्टिस दर रविवारी यायचा, उजव्या हाताने जेवायचा आणि डावा हात टेबलाखाली ठेवायचा.

एके रविवारी तो आला आणि कोटही न काढता वेंडेलसमोर बसला. "बाबा, गावातल्या दुकानात काचेत एक आहे. अगदी आपल्यासारखं, नवं कोरं. त्याच्या नळीवर एक ओळ आहे."

वेंडेलने मान वर केली नाही.

"आपल्यावर पण होती का?"

"होती."

"मग?"

"मंडळातले हसायचे. मी घासून घेतली."

 लोरेटा भांडे पुसत होती, तेच भांडे परत परत पुसत होती. कर्टिस शेवटी म्हणाला, "मी वाचली असती, बाबा. मी सगळं वाचतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वेंडेलला कदाचित सोपे गेले असते. कर्टिस उठला, लोरेटाच्या खांद्याला हात लावला आणि न जेवता निघून गेला. पुढे तो येत राहिला, पण वेंडेल त्याला कपाटातले काही घे असे कधी म्हणाला नाही.

वेंडेल त्यानंतर दोन हिवाळे जगला. त्याच्यामागे लोरेटाने सगळे कपाट विकायला काढले. डेन्झिल क्रो गाडी घेऊन आला, भावंडांना एकेक करून कापडात गुंडाळू लागला आणि मग खणातून मला बाहेर काढले. त्याचे डोळे चमकले. जुने लोखंड, फुटलेले चाक, कुठे एक अक्षर नाही.

"हे कुठलं?" त्याने विचारले.

"ते नक्कल आहे," आईच्या मदतीला आलेला कर्टिस म्हणाला. "इटलीत बनलेलं. नळीवरचं बाबांनी घासून घेतलं. माझ्या हातात फुटलं."

"बरं," क्रो म्हणाला. त्याने मला भंगाराच्या भावात घेतले.

आज मी त्याच्या संग्रहालयात आहे, मित्रांनो. मखमलीवर, काचेखाली. माझ्यासमोर सुबक पाटी आहे, की मी यादवी युद्धातले अस्सल रिव्हॉल्व्हर आहे आणि एका अनाम शिपायाच्या हातात फुटले. शाळेतली मुले येतात, नाक काचेला लावून बघतात. एका मुलीने विचारले होते, त्या शिपायाचे नाव काय? बाई म्हणाल्या, ते कोणालाच माहीत नाही.

एकदा कर्टिस आला. तिकीट काढून आला. माझ्यासमोर उभा राहून त्याने पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. मग तो क्रोच्या गल्ल्यापाशी गेला.

"पाटी चुकीची आहे. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"लोकांना गोष्ट लागते हो."

"गोष्ट आहे की. तीच लिहा."

"त्या गोष्टीला कोण तिकीट काढणार? आणि तुम्ही म्हणता ते खरं कशावरून? त्याच्यावर काही लिहिलेलं आहे का?"

कर्टिसने खिशातून डावा हात काढला आणि गल्ल्यावर ठेवला. क्रोने त्या हाताकडे पाहिले. मग त्याने खण उघडला आणि कर्टिसच्या तिकिटाचे पैसे परत केले. कर्टिसने ते घेतले नाहीत. तो गेला. पैसे थोडा वेळ गल्ल्यावर पडून राहिले, मग क्रोने खणात टाकले. पाटी अजून माझ्यासमोरच आहे.

मित्रांनो, मी तुमच्याकडे एवढेच मागते. तुमच्या घरात औषधाच्या बाटलीवर, गॅसच्या टाकीवर, शेतातल्या फवारणीच्या डब्यावर अशी एखादी बारीक ओळ असेल. ती तुम्हाला कुरूप वाटेल. वाटू दे. ती घासू नका, खरडू नका, तिच्यावर सुंदर कागद चिकटवू नका. पुसट झाली असेल तर जाड अक्षरात पुन्हा लिहा. आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक असते, म्हणून ती नकोशी वाटते. पण ती तुमच्यासाठी नसतेच. तुम्ही जेवून खुर्चीत डोळे मिटलेले असताना, तुम्हाला खूश करायला जो कोणी ती वस्तू हातात घेईल, त्याच्यासाठी ती असते.